दोन्ही वाट्यांत पेढा

मैत्रिणींनो, दुसऱ्या वेळी डोहाळजेवण करतात का हो? आमच्याकडं पहिल्याच वेळी करतात. म्हणून कन्नड गावी राहणाऱ्या माझ्या सासूबाई "या खेपेलाबी करायचं, लई हौस हाय मला," म्हणाल्या, तेव्हा मला भरून आलं होतं.

आज दुपारी आमच्या पडेगावच्या घरी कार्यक्रम झाला. सासूबाईंनी स्वतः भरलेल्या, झाकलेल्या दोन वाट्या माझ्यासमोर ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एक उघडली. पेढा! बायकांनी टाळ्या वाजवल्या.

माझी पाच वर्षांची लेक दुसरी वाटी उघडायला धावली. तिच्या वेळी बर्फी निघाली होती, ही गोष्ट ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकते.

त्या वाटीतही पेढाच होता.

"आई, बर्फी कुठंय?"

"ऱ्हायली वाटतं ठेवायची," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. हौस कशाची होती, ते मला तेव्हा कळलं. मी ओटीतला नारळ धरून बसून राहिले.

आता तुम्हीच सांगा. उद्या मुलगी झाली आणि तिनं विचारलं, "आई, माझ्या वेळी काय निघालं होतं?" तर मी तिला काय सांगू?