फोन वाजलाच नव्हता

नंदा मॅडम. सुरुवात या नावानेच करायला हवी. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे — आणि जे सांगणार आहे ते सगळ्यात जास्त त्यांच्यापासूनच लपवलं. आईवडिलांना, बायकोला, घरात कुणालाच हे मी आजवर सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगणं सोपं आहे, असं वाटतं का? नाही. सोपं काहीच नाही. पण ते आता पोटात राहत नाही. नासलेल्या ताकासारखं वर येतं.

आमची वरवंडला हायवेच्या कडेला पंक्चरची टपरी. वडील चौथी शिकलेले, आई तेवढंही नाही. घरात पहिला पदवीधर मी. दौंडच्या कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश घेतला तेव्हा लॅबमध्ये चपला बाहेर काढायच्या की नाही, हे विचारायचीही मला लाज वाटायची. मॅडम त्या लॅबच्या शिक्षिका. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, गार्डची मुलगी, आवाज खणखणीत. स्क्रीनवर एरर आला की आम्ही पोरं घाबरून खिडकीच बंद करायचो. त्या मागून यायच्या. "अरे, शिवी दिलीय का त्यानं तुला? निरोप आहे तो. पूर्ण वाच आधी, मग पळ."

पूर्ण वाच. एवढं एकच त्यांनी मला शिकवलं असतं तरी आयुष्याला पुरलं असतं.

पुढे त्यांनी कॉलेज सोडून शिरूरला छोटं ऑफिस काढलं, सॉफ्टवेअर बनवायचं. मला घ्यायला त्या स्वतः टपरीवर आल्या. वडिलांना म्हणाल्या, "दादा, ह्याला माझ्याकडं द्या. पंक्चर काढायला काय, नंतर आहेच की." वडील हसून म्हणाले, "न्या मॅडम. हितं निस्ते पान्हे हरवतोय." चौफुल्याहून न्हावरेमार्गे एसटीने मी रोज शिरूरला जाऊ लागलो. वाटेत कारखान्याच्या मळीचा वास यायचा. पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावला. मग तो वास यायचा बंद झाला. म्हणजे वास होताच — मी सरावलो होतो. हे लक्षात ठेवा. मला पुढे लागेल.

आमच्याकडे एका पाणीवापर संस्थेचं काम आलं. कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे ठरावीक दिवसांसाठी पाणी सोडलं, की प्रत्येकाच्या शेताची पाळी ठरलेली असते. आपल्या पाळीला माणूस दारं धरायला, पाणी रानात वळवून घ्यायला, हजर नसला तर पाणी पुढच्याच्या रानात जातं, आणि पुढचं आवर्तन सुटेपर्यंत ते परत येत नाही. पूर्वी पाटकरी वस्त्यावस्त्यांवर सांगत फिरायचा. त्याचं वय झालं, गुडघे गेले. म्हणून मॅडमनी ठरवलं, निरोप फोनवर द्यायचा. मोठा फोन असेल त्याला मेसेज, आणि बटनांचा साधा फोन असेल त्याला, वाचता येत नसेल त्याला, मशीन फोन लावणार आणि मराठीत बोलणार: उद्या तुमची पाळी आहे.

ते सगळं रेल्समध्ये होतं, वेबसाईट बांधायचा तो एक तयार सांगाडा, आणि लिहिलं मी. रेल्समध्ये ठरल्या वेळी आपोआप चालणारी छोटी कामं लिहून ठेवता येतात, त्यांना रेक टास्क म्हणतात. आमची टास्क रोज संध्याकाळी चालायची. उद्याची यादी वेबसाईटवर चढवायची, मेसेज पाठवायचे, फोन लावायचे, आणि प्रत्येक नावापुढे नोंद करायची — मेसेज गेला, फोन केला. फोन लावण्यासाठी मी एक नवी लायब्ररी घेतली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड. तो आपल्या कामात ओढून घ्यायचा, लोड करायचा.

माझ्या लॅपटॉपवर ती सुरेख चालली. सर्व्हरवर, म्हणजे खरं काम जिथून चालायचं त्या मशीनवर, टास्क पहिल्याच ओळीला पडली. लोड एरर. ही फाईल मला लोड करता येत नाही, असा निरोप, आणि पुढे लायब्ररीचं नाव.

किती साधी चूक होती ती! कोणकोणत्या लायब्ररी लागणार त्याची एक यादी असते, जेमफाईल. तिच्यात मी ते नाव घरच्या प्रयोगासाठीच्या भागात लिहिलं होतं. तो भाग सर्व्हरवर उतरवतच नाहीत. एक ओळ उचलून वर ठेवायची, पुन्हा चढवायचं, झालं. एरर पूर्ण वाचला असता, यादी उघडून पाहिली असती, तर चहा गार व्हायच्या आत काम झालं असतं.

मी वाचला नाही. का? कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडहून गाडी पकडून मला पुण्याला मुलाखतीला जायचं होतं. मॅडमना न सांगता. आवर्तन सुटलेलं, संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर घरी पोचणार नव्हतो, आणि यादी वेबसाईटवर चढली नाही तर संस्थेचे लोक मॅडमना फोन करणार, मॅडम मला. म्हणून मी काय केलं? त्या पहिल्या ओळीभोवती कोडाचं कुंपण घातलं. त्याचा अर्थ असा — लायब्ररी सापडली तर घे, नाही सापडली तर फोन सोडून दे, गप्प बस आणि पुढे चल.

टास्क चालली. यादी चढली. मेसेज गेले. आणि शेवटी, साध्या फोनवाल्या प्रत्येक नावापुढे नोंद झाली: फोन केला.

ती नोंद करणारी ओळ खाली आहे हे मला आठवलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. घाई होती, लक्ष नव्हतं, पोर होतो. इथवर आलो की मी नेहमी थांबतो. आज थांबत नाही. मला आठवलं होतं. ती ओळ मला डोळ्यांसमोर दिसत होती. मनात म्हटलं, उद्या बघू. आणि लॅपटॉप मिटला.

उद्या बघितलं नाही. मुलाखत चांगली झाली, त्या आनंदात परवाही बघितलं नाही.

साध्या फोनवाले मोजकेच होते. बहुतेकांना पोरांनी, नाहीतर शेजाऱ्यांनी सांगितलं. हिराबाईंना सांगणारं कुणी नव्हतं. त्यांची वस्ती कालव्यातून निघणाऱ्या चारीच्या पार शेवटाला. नवरा गेलेला, मुलगी सासरी. एक गाय, तिची कालवड, आणि त्यांच्या चाऱ्यासाठी लावलेला हिरवा घास. त्यांची पाळी गेली.

संस्थेची बैठक मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर लॅपटॉप घेऊन मी. माझ्या बॅगेत मॅडमनी त्याच सकाळी सही करून दिलेला अनुभवाचा दाखला होता. पुण्याच्या नोकरीसाठी. मी सांगितल्यावर त्या रागावल्या नव्हत्या. उलट पेढे मागवले होते.

हिराबाई उभ्या राहिल्या. "मला सांगावा आला न्हाई. माझं पाणी कुनी न्येलं?"

संस्थेचे सचिव गेनूआप्पा म्हणाले, "मावशे, समद्यांस्नी फोन गेल्याती. तुझाच कसा ऱ्हाईल?"

"वाजला न्हाई."

"भाकरी थापीत आसशील. ऐकू आला नसंल."

"फोन माझ्या कंबरंला आस्तोय आप्पा. भाकरी हातानं थापत्यात, कानानं न्हाई."

लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "म्हातारे, चार्जिंग कंच्या साली केलंतं?" आणखी हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला लॉग उघडायला सांगितला — नोंदींची ती यादी. मीच उघडला. मीच स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी ओळ न् ओळ वाचली, पूर्ण वाचली, जसं आम्हाला वाचायला शिकवलं होतं तसं. आणि शांतपणे म्हणाल्या, "मावशी, इथं नोंद आहे. फोन केलेला आहे."

"मंग मशीन खोटं बोलतंय," हिराबाई म्हणाल्या.

"मशीनचं काय तुझ्या घासाशी वैर हाय व्हय?" आप्पा म्हणाले, आणि मंडप पुन्हा हसला.

तेव्हा हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमकडे नाही, आप्पांकडे नाही — माझ्याकडे. "पोरा, तुझं हाय ना ह्ये काम? तू सांग. वाजला व्हता का?"

तुम्ही काय बोलला असता? मला माहीत आहे, तुम्ही खरं बोलला असता. एवढं सोपं होतं ते. नाही मावशी, वाजला नव्हता, चूक माझी आहे. पण बॅगेत दाखला होता. मी म्हणालो, "लॉगमध्ये आहे, मावशी."

त्या खाली बसल्या. पदर सारखा केला.

त्याच दुपारी ऑफिसात येऊन मी ती ओळ जेमफाईलमध्ये जागेवर ठेवली, कुंपण काढून टाकलं. कोड बदलला की काय बदललं ते लिहून ठेवायचं असतं. मी लिहिलं: किरकोळ दुरुस्ती. किरकोळ! ते दोन शब्द अजून तिथे असतील.

पुढच्या आवर्तनाला फोन वाजले. हिराबाईंनी आप्पांना भोळेपणाने सांगितलं, आता वाजतोय म्हणून. झालं. लोकांना पुरावाच मिळाला — बघा, आता बरा वाजतोय! घास तोवर वाळून गेला होता. कालवड त्यांनी काष्टीच्या बाजारात विकली. त्या गावात पुढे तो वाक्प्रचारच झाला. कुणी थाप मारली, की हिराबाईचा फोन. एकदा तिकडच्याच एका जुन्या मित्राचा फोन मी उचलला नाही, तर तो नंतर म्हणाला, "काय रं, हिराबाईचा फोन झाला व्हय तुझा?" आणि मी हसलो. खरंच हसलो, तोंड उघडून. घरी येऊन चूळ भरली, पुन्हा भरली. स्वतःच्या तोंडाचा वास येत होता.

मळीचं मी मघाशी म्हणालो ते हेच. मधली कित्येक वर्षं मला वासच आला नाही. पुण्यात पगार वाढत गेला, फ्लॅट झाला, वडिलांची टपरी बंद करून त्यांना घरी आणलं. मी सरावलो होतो.

मॅडम आता पुन्हा दौंडला असतात. खेड्यातल्या मुलामुलींसाठी वर्ग चालवतात. मागच्या वर्षी नव्या तुकडीसमोर बोलायला त्यांनी मला बोलावलं. शाल, नारळ. पहिल्या रांगेत टपरीवाल्यांची, मजुरांची मुलं, मी होतो तशीच, डोळे मोठे करून बसलेली. मॅडम उभ्या राहिल्या आणि नोंदी नीट ठेवण्याचं महत्त्व सांगू लागल्या. म्हणाल्या, "माणूस खोटं बोलेल, लॉग बोलत नाही. तुम्हाला एका मावशींची गोष्ट सांगते." आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. भाकरी, कंबर, चार्जिंग, सगळं. मुलं खळखळून हसली. दर तुकडीला ती गोष्ट त्या सांगतात, असं नंतर कळलं. सांगताना त्यांनी कौतुकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता — "ते काम ह्याचं."

मी शाल अंगावर घेऊन बसलो होतो. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.

ज्या बाईने आयुष्यात कधी तपासल्याशिवाय शब्द उच्चारला नाही, तिच्या तोंडून मी वर्षानुवर्षं खोटं वदवून घेतो आहे. आणि दर वर्षी नवी पोरं हिराबाईंना हसतात. परत येताना यवतच्या पुढे गाडी कडेला घेऊन मी ओकलो. वाटलं, बरं वाटेल. नाही वाटलं.

आधी हिराबाईंच्या वस्तीवर गेलो. त्या खूप थकल्यात. सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं की. तवाच म्हाईत व्हतं. तुजी मान खाली गेलीती." पाणी विचारलं नाही, ऊठ म्हणाल्या नाहीत. मीच उठलो.

मग मॅडमना पत्र लिहिलं. कागदावर, टपालाने. फोनवर लिहिलं असतं तर पाठवून पुसून टाकलं असतं. मी मला ओळखतो. ते पत्र असं:

*आदरणीय मॅडम,*

*तुम्ही वर्गात हिराबाईंची जी गोष्ट सांगता, ती खरी नाही. त्या दिवशी सर्व्हरवर फोनची लायब्ररी लोड होत नव्हती. मी एरर वाचला नाही, त्याचं तोंड बंद केलं. एकही फोन गेला नाही, तरी सगळ्यांपुढे "फोन केला" अशी नोंद झाली. ती नोंद होणार हे मला तेव्हाच माहीत होतं. बैठकीत हिराबाईंनी मला विचारलं, तेव्हाही माहीत होतं. तुमचा दाखला माझ्या बॅगेत होता, म्हणून मी "लॉगमध्ये आहे" एवढंच म्हणालो.*

*नंतर मी ते गुपचूप दुरुस्त केलं. "किरकोळ दुरुस्ती" असं लिहिलेला बदल शोधलात तर सापडेल.*

*तुम्ही पूर्ण वाचलं होतं, मॅडम. वाचण्यात तुमची काही चूक नव्हती. मी लिहिलेलंच खोटं होतं.*

*हिराबाईंना मी जाऊन सांगितलं. त्यांना आधीपासून माहीत होतं.*

*त्यांचा फोन वाजलाच नव्हता.*

*दत्ता*