गावंडे आणि मधला चौकोन

चाळीस माणसांसमोर मी एकदा सिद्ध करून दाखवलं होतं की गावंड्यांचा कॅमेरा बाद झालेला आहे. वर टाळ्याही मागून घेतल्या होत्या. कॅमेऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. गेला होता तो गावंड्यांचा डोळा, आणि ते त्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी तेव्हा जेमतेम चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. त्यातून पस्तीस वर्षं अमरावतीच्या शाळेत गणित शिकवलेलं. अशा बाईला आपण चुकू शकतो हे सांगायचं कुणी?

गावंडे अकोल्याचे. कपाशीच्या पानांवरचे रोग आणि बोंडातल्या अळ्या यांचे फोटो काढण्यात त्यांची शेतकी खात्यातली सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या अमरावतीच्या छायाचित्र मंडळात आले आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांशी भांडले. माणूस मनानं चांगला होता वगैरे मी म्हणणार नाही. ते गेले त्याला दोन वर्षं झाली, पण मेल्यावर माणसं गोड होतात यावर माझा विश्वास नाही. गावंडे तर नक्कीच झाले नसतील.

आमची पहिली भेट अकोल्याच्या असदगडावर झाली. मंडळाची सहल होती. लेकीनं दिलेला नवाकोरा डिजिटल रेंजफाइंडर गळ्यात घालून मी मिरवत होते. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून पाहायचं नसतं, शेजारच्या छोट्या खिडकीतून पाहायचं असतं. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो. त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचं कडं फिरवत त्या एकमेकींवर बसवायच्या, बसल्या की फोकस झाला. बाकी यंत्र काडीची मदत करत नाही. खरे छायाचित्रकार मागच्या पडद्यावर फोटो तपासत बसत नाहीत असं मी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून पडदाही बंद करून टाकला होता. तासभर बुरूज टिपले. तेवढ्यात पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"काय काढून राहिल्या, बाई?"

"प्रकाश आणि सावली," मी म्हणाले. असं बोलायची मला लाज वाटत नसे.

"सावलीच सावली आली असन. भिंगाचं झाकन तं काढा."

तासभराच्या फोटोंत काळोखाशिवाय काही नव्हतं. सगळं मंडळ खो-खो हसलं. त्या क्षणापासून मी गावंड्यांना शत्रू मानलं आणि त्यांनीही मला निराश केलं नाही.

त्यांच्याकडे माझ्याच जातीचा, पण सात-आठ वर्षं जुना कॅमेरा होता, पुतण्यानं वापरून झालेला. कोपऱ्यावरचा रंग उडालेला, पट्टा चपलेच्या पट्ट्यासारखा शिवलेला. माझ्या कॅमेऱ्यात पिक्सेल दुपटीहून जास्त. त्याचं मला केवढं कौतुक! गावंडे म्हणत, "एवढं बारीक पाहून काय करता? लोकाइच्या उवा मोजता का?" मी म्हणे, "तुमच्या कॅमेऱ्यात दिवेलागणीला फोटो काढला की माणसावर रवा सांडलेला दिसतो." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "तुमच्या कॅमेऱ्यात मानूस आंघोय करून, पावडर लावून येते. माह्या कॅमेऱ्यात घाम येते."

रंगाच्या बाबतीत तर ते अंगावर धावून येत. "पानाचा रंग खोटा आला तं औषध खोटं देल्या जाते," असं म्हणत. कपाशीवर लाल्या रोग पडायला लागला की नाही, हे त्यांनी आयुष्यभर फोटोतल्या लालीवरून सांगितलं होतं. लोक फोटो घेऊन येत आणि गावंडे एक नजर टाकून सांगत. ती नजर हीच त्यांची सगळी मिजास होती.

शेवटी भांडण इतकं विकोपाला गेलं की मंडळानं चाचणीच ठरवली. चाचणी मी आखली. अहाहा, काय आखली! एकच भिंग दोन्ही कॅमेऱ्यांना आलटून पालटून लावायचं. तिपाई एक, उजेड एक, अंतर एक. समोर भिंतीला चिकटवलेलं वर्तमानपत्राचं पान, एक ताटलीभर संत्री, आणि गावंड्यांनी अकोल्याहून ओल्या रुमालात गुंडाळून आणलेलं कपाशीचं एक लालसर पान. जिंकणार ते त्या पानावरच, हे ते सगळ्यांना सांगत सुटले होते. आपापल्या कॅमेऱ्याचा फोकस ज्यानं त्यानं करायचा, असंही मीच ठरवलं. माझ्या नव्या कॅमेऱ्यात मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून फोकस करता येई, मी तसा केला. गावंड्यांना फक्त ती खिडकी. त्यांनी कडं फिरवलं, पुन्हा फिरवलं, मान वाकडी केली, परत फिरवलं. मी घड्याळाकडे पाहून मोठ्यानं उसासा टाकला.

पुढच्या रविवारी मोठे प्रिंट भिंतीवर लागले. माझ्या फोटोत वर्तमानपत्राच्या लग्नाच्या जाहिरातीसुद्धा वाचता येत होत्या. गावंड्यांच्या फोटोत मथळादेखील धूसर. आणि ते कपाशीचं पान? शिरा एकमेकींत मिसळून गेलेल्या, जणू वाटीत कालवलेलं काहीतरी. मी खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "जुना सेन्सर, जुनं यंत्र. सर, याला आता पेन्शनीत काढा. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. गावंडे पानाचा प्रिंट हातात घेऊन उभे होते. जवळ नेला, लांब धरला, तोंड एका बाजूला फिरवलं. आता अंगावर येतील म्हणून मी दोन पावलं मागं सरले. ते हळूच म्हणाले, "बाई म्हनते ते खरं हाय. कॅमेरा म्हातारा झाला."

जो माणूस चहात साखर जास्त आहे हेही कधी मान्य करत नसे, तो चाळीस जणांसमोर हार मानतो, याची मला शंका यायला नको होती का? पण मी पेढे आणायला पाठवलं होतं. विजयी माणसाला शंका येत नाही.

गावंडे मंडळात यायचे बंद झाले. चार महिन्यांनी अकोल्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर कापडी पिशवी आली. आत कॅमेरा, आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: "हरलेला माल जिंकनाऱ्याले."

त्यांची खोड मोडल्याच्या आनंदात मी तो कॅमेरा गच्चीवर नेला. पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. चौकोनातले दोन कावळे एकावर एक बसवले आणि बटण दाबलं. फोटो संगणकावर मोठा केला. कावळ्याच्या डोळ्यात आमची गच्ची दिसत होती, गच्चीवर वाळत घातलेलं माझं लुगडंसुद्धा.

'पोरांनो, पडताळा घेताना एकच गोष्ट बदलू द्यायची, बाकी सगळ्या सारख्या ठेवायच्या' असं पस्तीस वर्षं मी वर्गात सांगितलं होतं. भिंग, तिपाई, उजेड, अंतर, सगळं सारखं ठेवलं होतं मी. फक्त डोळा सारखा ठेवला नव्हता.

कपाशीचं तसंच एक पान मिळवून दोन दिवस मी दोन्ही कॅमेऱ्यांना स्वतःच फोकस करून तेच सगळे फोटो पुन्हा काढले. दुपारच्या उन्हात फरक सांगता येईना. संत्र्यांचा रंग आणि पानाची लाली जुन्यात जास्त खरी. संध्याकाळ झाली की मात्र माझा नवा पुढं, आणि जुन्यात खरंच रवा सांडत होता. म्हणजे आम्ही दोघंही निम्मे बरोबर होतो. एवढ्यासाठी मी एका माणसाला फळ्यापाशी उभं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत घालून अकोल्याची एसटी धरली. दार गावंड्यांच्या पत्नीनं, इंदूताईंनी उघडलं. गावंडे खाटेवर बसले होते. मला पाहताच त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी चपला पुन्हा पायात घालू लागले, तेव्हा इंदूताईंनी माझा हात धरला.

"बसा वो. ते रागानं नाई पाहून राहिले तिकडे. तिकडे पाह्यलं का तुमी दिसता त्याइले."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसे, मधलं नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडकीतलं सगळं दिसे, फक्त तो चौकोन दिसत नसे. डॉक्टरांनी हे चाचणीच्या दोन महिने आधीच सांगितलं होतं.

"मग चाचणीला उभे कशाला राहिलात?" मी ओरडलेच.

"हाताले सवय होती. वाटलं, जमून जाईन," गावंडे खिडकीलाच म्हणाले.

"मी येत्या रविवारी मंडळात सांगते. कॅमेरा चांगला आहे, माझी चाचणी चुकली."

"खबरदार! कॅमेरा चांगला, म्हंजे खराब कोन? लोकं येडे हायेत का?"

"पण सर, मी खोटं ठरवलं त्याला."

"कॅमेऱ्याले नावं ठेवली तं त्याले राग येत नाई. मले येते. आयुष्यभर लोकं पान दाखवून विचारत, गावंडे, हे काय हाय? आता काय सांगू? पानाच्या जागी मले धब्बा दिसते?"

इंदूताई चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेल्या. मी पिशवीतून कॅमेरा काढला. म्हटलं, "निदान तुमचा एक फोटो काढू द्या. याच कॅमेऱ्यानं."

"काढा. जमन तं."

तोंड खिडकीकडेच होतं, म्हणून मी त्यांच्या कानावर फोकस करायला घेतला. चौकोनात दोन कान दिसत होते. कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, तरी ते एकावर एक बसेनात. खूप वेळानं बसले. मी श्वास रोखला आणि बटणावर बोट ठेवलं. गावंडे हलले नाहीत, वळले नाहीत, खिडकीकडे पाहतच म्हणाले,

"आधी झाकन काढा, बाई. अन् मंडळात सांगायचंच असन तं हे बी सांगा, का म्हाताऱ्याले कडेचं अजून बराबर दिसते."