मऊ म्हणजे सडकं

मारी शहराच्या बाजारात गरयागदीच्या बोटाला मान होता. खरबुजावर मधलं बोट टकटक वाजवायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "हे आज खा. हे चार दिवस ठेव. हे सासूला दे." चाळीस वर्षांत ते बोट चुकलं नव्हतं. खोटं कशाला बोला, त्याचा त्याला माजही होता.

गेल्या वर्षी रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरीणबाईंनी खरबूज बंद केलं. दिवसभर विकायचं, पण चाखायचं नाही! दुपारी चार वाजले, पोटात कावळे ओरडायला लागले की म्हातारा घरभर चिडचिड करत हिंडायचा. सून मायसा दाराआडून बघायची. नुसतीच बघायची, कारण ती सासऱ्यासमोर बोलत नव्हती. तिथली रीतच तशी: नव्या सुनेनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरायचं. सासरा भेट देऊन तोंड मोकळं करेपर्यंत शब्द काढायचा नाही. इतर घरांत हे वर्षभरात उरकतं. गरयागदी म्हणायचा, "बघू, हंगाम संपल्यावर." दोन हंगाम संपले.

त्या दिवशी चारला शेजारचा पिरली चहाला बसला होता. पिरलीच्या कानात पडलं ते दुसऱ्या दिवशी बाजारभर झालंच म्हणून समजा. मायसानं आत येऊन ताटली ठेवली. ताटलीत एकच फळ, काळपट, खरखरीत सालीचं. शेजारी सुरी आणि चिमूटभर मीठ. ठेवून ती मागं सरकली.

गरयागदीनं फळ उचललं. बोट वाजवलं, आवाज नाही. नाकाला लावलं, वास नाही. अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत!

"सडलंय की हे! कुणी गळ्यात मारलं तुझ्या? खरबूजवाल्याची सून आणि ताटात असलं फळ? मऊ म्हणजे सडकं, एवढंही माहेरी कळलं नाही?"

पिरली फिदीफिदी हसला. म्हाताऱ्याला चेव चढला. त्यानं फळ दारातूनच तंदूरजवळच्या राखेत भिरकावलं. मायसानं रुमालाचं टोक दातांत आणखी घट्ट धरलं, सुरी तिथंच सोडून ताटली उचलली आणि गेली.

पिरली घरी गेल्यावर गरयागदीची बायको ओगुलबेग बहिणीकडून परतली. आल्या आल्या विचारलं, "खाल्लंत का? कसं लागलं?"

"काय खाल्लं?"

"अहो, ॲव्होकाडो! डॉक्टरीणबाईंना विचारून पोरीनं भावाकडून अश्गाबातहून मागवलं. साखर वाढत नाही, पोटाला आधार होतो म्हणून. आलं तेव्हा दगड होता नुसता. सहा दिवस पिठात पुरून पिकवलं. रोज दाबून बघायची आणि मला विचारायची, 'आई, आज देऊ?' मऊ झाल्याशिवाय खाताच येत नाही ते."

"मग बोलली का नाही?"

झालं! शब्द तोंडातून सुटला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. त्याचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. उठला, राखेत हात घातला आणि फळ शोधून काढलं. एका बाजूनं फुटलं होतं.

सुनेला घरातल्या घरात सांगून भागणार नव्हतं. लाज पिरलीसमोर काढली होती, आणि उद्या सकाळी 'गरयागदीची सून सडकं वाढते' हे बाजारभर होणार होतं. मग पोरीनं तोंड कुठं दाखवायचं? त्यानं भिंतीवरून पिरलीला हाक मारली. बायकोला म्हणाला, "अगं, भेट काय द्यायची?" ओगुलबेगनं पेटी उघडली आणि शाल काढली. दोन वर्षांपूर्वीच आणून ठेवली होती तिनं. म्हाताऱ्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिरलीसमोर त्यानं शाल मायसाच्या खांद्यावर घातली. "ऐक पिरली. फळ चांगलं होतं. माझं बोट चुकलं आणि जीभ त्याहून जास्त. बाजारात सांगायचंच असेल तर हे सांग." मग राख झटकून फळ सालीसकट चावलं. साल कडू आणि चिवट, चावता चावेना, आणि थुंकायची तर सोयच नाही.

मायसानं सासूकडं पाहिलं. सासूनं मान डोलावली. रुमालाचं टोक दातांतून सुटलं.

"बाबा, साल काढायची असते."

जरासा घोगरा, ठाम आवाज. दोन वर्षं याच घरात असून त्याच्या ओळखीचा नव्हता.

"काय रे," पिरली म्हणाला, "खरबुजाचा आवाज वीस पावलांवरून ओळखतोस, आणि सुनेचा आज ऐकलास होय?"

एरवी गरयागदीनं त्याची सालटी काढली असती. आज त्यानं तोंडातली साल हातावर घेतली आणि मान वर न करता सुरी सुनेपुढं सरकवली.

"तू दाखव, बाळ," तो म्हणाला. "मला येत नाही."