चष्मेवाल्या दिरांचं निदान

माझे मोठे दीर श्रीरामपूरला चष्म्याचं दुकान चालवायचे आणि स्वतःला डोळ्यांचे डॉक्टर समजायचे. आम्ही एकाच घरात राहायचो, तरी माझ्याशी ते थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी नवऱ्याला म्हणत, "हिला सांग." मला तो माणूस कधीच आवडला नाही.

माझ्या चष्म्याचा नंबर लहानपणापासून मोठा. पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की एखादा ठिपका, एखादा धागा तरंगताना दिसे. त्याची सवय झाली होती. पण त्या दुष्काळाच्या वर्षी एका सकाळी ज्वारी निवडताना उजव्या डोळ्यात एकदम काजळी उडाल्यासारखं झालं. सूप बाजूला ठेवून वर बघितलं, तर काळे ठिपके आढ्यावरही. संध्याकाळी डोळ्याच्या कडेला विजेसारखा उजेड चमकायला लागला. डोळे मिटले तरी चमके.

दिरांनी बॅटरी मारून बघितलं. "अशक्तपणा आहे. हिला सांग, गुलाबपाणी घाल."

मी ते घातलं. ठिपके वाढले. पुन्हा सांगितलं तेव्हा दीर जेवता जेवता हसले. "बायकांना काम टाळायला काहीतरी लागतंच."

नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "दादा म्हणतात तर थांबू की चार दिवस."

"तुम्ही थांबा," मी म्हणाले. "डोळा माझा आहे."

दुसऱ्या दिवशी मी नगरची एसटी धरली. नवरा मागून आला. तोवर उजव्या डोळ्यात खालून काळी सावली चढायला लागली होती.

नगरचे डॉक्टरही गोड नव्हते. थेंब घालून, बाहुली मोठी करून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि खेकसले, "इतके दिवस काय करत होता?"

"गुलाबपाणी घालत होते."

"डोळ्याच्या आत काचेसारखा गर असतो, बाई. तो आकसला की त्यातल्या धाग्यांची सावली आतल्या पडद्यावर पडते. तेच तुमचे ठिपके. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. पण गर पडद्याला ओढायला लागला की उजेड चमकतो. तुमचा पडदा त्या ओढीनं फाटलाय आणि वरून सुटत चाललाय. थेंबांनी तो चिकटत नाही. आजच पुण्याला जा."

पुण्यात ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून मला उताणी निजवून ठेवलं. मान हलवायची नाही. तशात दीर आले आणि पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलले.

"गुलाबपाण्यानं काही बिघडलं नाही ना? दुकानात कुणी विचारलं तर तसलं काही बोलू नकोस."

तब्येत कशी आहे, हे विचारलं नाही. "कुणी विचारलं तर जे झालं तेच सांगेन, भाऊजी," मी म्हणाले. ते उठून गेले.

पडदा पुन्हा जागेवर बसला. त्या डोळ्यानं माणसं ओळखू येतात, पण छापलेली ओळ वाकडी दिसते. उजेड चमकायचा थांबला, थोडे ठिपके राहिले. ते राहणारच, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर मी दिरांच्या दुकानात जाऊन बसायला लागले. गिऱ्हाईक ठिपक्यांचं बोललं की विचारायची, "जुने आहेत की अचानक वाढले? उजेड चमकतो का? मग इथं थांबू नका, आधी नगर गाठा."

महिनाभरात दिरांनी मला दुकानाची पायरी चढायला मनाई केली. मग मी समोरच्या ओट्यावर बसून सांगायला लागले.