आधी हवा सोडा, मग हार घाला

वासंतीचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. "काकू, आई गेली... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी काय बोलले ते आठवत नाही. पण खोटं कशाला सांगू, पौडच्या गाडीत बसले, चांदणी चौक मागे पडला आणि मला रडू यायच्या ऐवजी हसू यायला लागलं. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं. तिला काय सांगणार होते? माझी थोरली जाऊ गेली होती आणि माझ्या डोळ्यांपुढे होती ती हातात खिळ्यांची बंदूक घेऊन सासऱ्यांवर ओरडणारी सगुणाअक्का!

सन साठ-पासष्टच्या आसपासची गोष्ट आहे. मी पुण्याहून लग्न होऊन पौडला आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैलगाड्या आणि दारं-खिडक्या करायचं सोडून लाकडी खोक्यांचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. पिंपरी-चिंचवडकडे नवे कारखाने उठत होते, त्यांची यंत्रं बाहेरगावी जायची, त्यांना मजबूत खोकी लागायची. माझे थोरले दीर आदल्याच वर्षी तापाने गेलेले. अक्का तेव्हा पंचविशीची, कडेला वासंती. तिचा भाऊ ताम्हिणीहून दर महिना-दोन महिन्यांनी यायचा, ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि जाताना म्हणायचा, "दसरा झाला की घिऊन जातो हिला." ताम्हिणीत पावसाळ्यात चार महिने शाळेचं दार उघडलं तर नवल. अक्काला वासंतीला पौडच्या शाळेत घालायचं होतं आणि त्यासाठी इथेच राहायचं होतं. पण कुठल्या नात्याने? "फुकट खाणारं तोंड म्हणून म्या हितं ऱ्हाणार न्हाई, शालन," ती मला म्हणाली, "आन भावाच्या दारात तर मुळीच न्हाई." मी नवी नवरी, मी काय बोलणार! मी तिच्या पाटीतली भांडी घासायला घेतली.

अशात आमच्याकडे ठोक्या आला. मुंबईच्या गोदीत एका विलायती कंपनीने काढून टाकलेली ती हवेवर चालणारी खिळ्यांची बंदूक. माझ्या यजमानांनी ती ट्रकवर घालून आणली, सोबत डिझेलवर धडधडणारा, टाकीवाला हवेचा पंप आणि मनगटाएवढी जाड काळी नळी. अर्धं पौड बघायला लोटलं होतं. बरोबर आलेल्या मेकॅनिकने हिंदीत समजावलं की बंदुकीचं नाक फळीवर दाबायचं आणि चाप ओढायचा, दोन्ही झालं तरच खिळा सुटतो. आणि ठाक! सुताराला चार घाव घालायला लागतात तो खिळा डोळ्याचं पातं लवायच्या आत आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! मग आमच्या जुन्या सुतारांपैकी एकाने ऐटीत बंदूक हातात घेतली. फळीत नेमकी गाठ होती. खिळा गाठीवर आपटून वळला, फळीच्या कडेने बाहेर पडला आणि अक्का चहाची किटली घेऊन येत होती तिच्या हातातल्या किटलीत शिरला. चहाची धार अशी लागली की बघत राहावं. सुताराने बंदूक जमिनीवर ठेवली ती ठेवलीच. दुसराही मागे सरला. अक्काने फुटक्या किटलीकडे पाहिलं, मेकॅनिककडे पाहिलं आणि पदर खोचला. "किटली माझी फुटली न्हवं? मंग आता मीच धरते."

मामंजींनी तिला अडवलं नाही. त्यांचं काम अडलं होतं आणि बंदुकीवर सगळी पुंजी लागली होती. आठवड्याभरात अक्का अशी तयार झाली की फाडफाड खोकी उभी राहायला लागली. नऊवारी, डोळ्यांवर माझ्या यजमानांचा फटफटीवर घालायचा चष्मा, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. कुणी समोर उभं राहिलं की ओरडायची, "सरक तिकडं! फळीतनं पार गेला तर तुझ्या पोटात जाईल!" फळीवर आधी हात फिरवून गाठ कुठे आहे ते बघायची, डावा हात बंदुकीच्या नाकापासून वीतभर लांब, आणि चालताना बोट चापावर कधी म्हणजे कधी नाही. खिळा अडकला की पहिल्यांदा नळी सोडायची, मगच चिमटा घालायची. एकदा माझ्याच यजमानांनी नळी न सोडता चिमटा घातला, तर तिने त्यांच्या मनगटावर फाटकन चापट मारली. धाकट्या दिराला सगळ्यांदेखत! हे रात्रभर फुगून बसले होते आणि मी पांघरुणात तोंड घालून हसत होते. मला ती इतकी आवडायला लागली होती की काय सांगू.

पण खंडेनवमी जवळ आली तशी घरात कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे रीत अशी, की त्या दिवशी हत्यारांना सुट्टी आणि ज्याने त्याने आपापल्या हत्याराची पूजा करायची. रंधा ज्याचा, रंध्याला कुंकू त्याचं. करवत ज्याची, करवतीला हार त्याचा. मग ठोक्याची पूजा कोण करणार? चालवत होती अक्का, आणि अक्का तर विधवा... हळदी-कुंकवाचं ताट तिच्या हातात कोण देणार! मामंजींनी निकाल देऊन टाकला, "ठोक्याची पूजा मी करीन. सगुणानं दारापाशी थांबावं." अक्काला कळायचं ते कळलं. हत्यार आपलं नाही ठरलं, म्हणजे कामही आपलं नाही, आणि भाऊ तर दसऱ्याला येणारच होता. आदल्या दिवशी संध्याकाळी ती वासंतीचे परकर पेटीत भरताना मला दिसली.

नवमीला शेड झाडून-सारवून लख्ख केलेली. पाटावर सगळी हत्यारं मांडलेली आणि मधोमध ठोक्या. मामंजींचा आग्रह, की पंप चालवून टाकी हवेने गच्च भरा. "देवाला उपाशी पाटावर बसवत्यात व्हय? पोट भरल्यालं पायजे!" झालं, नळी जोडलेली, हवा ठासून भरलेली आणि मग पंप बंद. मामंजींनी झेंडूचा हार घेतला. बंदुकीच्या गळ्यात नीट राहीना, म्हणून दोरा मुठीभोवती तीनदा आवळून गाठ मारली. दोरा चापावरूनच गेला आणि चाप दाबला गेला तो दाबलेलाच राहिला. कुणाच्या लक्षात येणार? हळद झाली, कुंकू झालं, नारळ फुटला. मामंजींनी डोळे मिटले आणि सगळेजण हत्याराला करतात तेच केलं. ठोक्या दोन्ही हातांनी उचलला आणि कपाळाला लावायला वर नेला... बंदुकीचं नाक पुढे करून.

"मामंजीऽऽ! ठिवा खाली!"

मी दाराशी अक्काच्या शेजारीच होते, पण ती माझ्या शेजारून कधी सुटली ते मला कळलं नाही. मामंजी दचकून थांबले, पण बंदूक हातात तशीच, कपाळापासून चार बोटांवर. समजावत बसायला वेळ नव्हता. अक्काने वाटेत आलेल्या सुताराला ढकललं, नळीचा जोड पिळला आणि ओढला. फुस्सऽऽऽ! नळी सापासारखी उसळली, तिच्या तोंडाची हवा थेट पूजेच्या ताटावर गेली. निरांजन विझलं, हळद उडाली, कुंकवाचा लोटच्या लोट शेडभर झाला. मामंजींची पांढरी दाढी लाल, माझे यजमान लाल, सुतार लाल आणि अक्का तर केसांपासून गळ्यापर्यंत लालेलाल!

"पूजा मोडलीस!" मामंजी ओरडले. "सणाच्या दिशी! डोकं फिरलंय का तुझं?"

 अक्काने हारासकट ठोक्या त्यांच्या हातातून काढून घेतला, एक फळी ओढली, सगळ्यांना मागे सारलं आणि टाकीत हवा उरली होती तोवर जोड परत लावला. मग चापाला बोट न लावता, दोन्ही हातांनी वरून धरून, नाक नुसतं फळीला टेकवलं. ठाक!

खिळा पार आत गेला होता.  मामंजींचा हात आपोआप कपाळावर गेला. दोन भुवयांच्या मधे ते बोटाने चाचपत राहिले. तेवढ्यात अक्काला आपल्या तोंडावर काय आहे त्याची जाणीव झाली असावी. ती घाबरीघुबरी होऊन पदराने खसाखसा कपाळ पुसायला लागली, इतक्या माणसांपुढे, पुरुषांपुढे...

"ऱ्हाऊ दे," मामंजी म्हणाले. "पुसू नगंस." मग त्यांनी जमिनीवरचं ताट उचललं, सांडलेलं कुंकू बोटांनी गोळा केलं आणि ताट तिच्यापुढे धरलं. "तुझं हत्यार हाय. तूच कर पूजा. कशी करायची ते आमाला बी सांग."

मी हुंदका देऊन रडले.  अक्काने नळी सोडली, टाकीची तोटी उघडली, हवेचा शेवटचा सुस्कारा संपेपर्यंत सगळ्यांना उभं केलं आणि मग हार घातला. दसऱ्याला भाऊ आला, श्रीखंड खाऊन एकटाच परत गेला. वासंती पौडच्या शाळेत गेली. तीच आज कारखाना चालवते. आता तिथे पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांसाठी माल रचायचे लाकडी पॅलेट बनतात आणि बंदुका आठ-दहा आहेत.

अक्का भाद्रपदात गेली. महिन्याभरातच नवमी आली. घरात वर्षभर सण नाही, पण वासंती म्हणाली, "मशिनी रोज चालत्यात काकू, त्यांना कसलं सुतक? तुमी या." मी गेले. शेडमध्ये बिहारची, यूपीची नवी मुलं रांगेत उभी होती, बंदुका पाटावर होत्या, ताट तयार होतं. वासंतीने ते उचललं आणि माझ्यापुढे धरलं. माझे यजमान जाऊन किती वर्षं झाली! मी इकडेतिकडे पाहिलं, एखादी सवाशीण दिसते का ते.

"कुणाला हुडकताय?" वासंती म्हणाली. "धरा की."

मी ताट धरलं.  कुणी हात जोडेना, कुणी हार उचलेना. मला आधी कळेना की ही पोरं कशाची वाट बघताहेत. मग त्यातल्या एकाने हळूच मला टाकीची तोटी दाखवली. मी ती फिरवली. फुस्सऽऽ... हवा सुटत राहिली, सुटत राहिली, आणि आवाज पुरता थांबल्यावर सगळ्यांनी एकदम हात जोडले.