बारा माणसांची होडी

मुक्ताचा फोन आला तेव्हा नागपुरात दुपारचे चार वाजले होते. मी गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होते. "आत्या, बाबा गेले…" एवढंच ती म्हणाली. मला क्षणभर वाटलं, गेला असेल घाटावर. दादा नेहमी तिथंच तर जायचा. जेवून आडवा झाला तो उठलाच नाही, हे मला नंतर कळलं. आज सव्वा महिना होतोय. तरी डोळे मिटले की तो कुठल्याशा काठावर हातात मोजायची टेप घेऊन उभा दिसतो आणि नर्मदेवरचं धुकं अजून पुरतं उठलेलं नसतं…

मनोहर माझा थोरला भाऊ. वडील अमरावतीकडून जबलपूरच्या कारखान्यात आले आणि आम्ही तिथलेच झालो. दादा सरकारी नोकरीत लागला, आणि लोकांना हौसेनं फिरवणाऱ्या होड्यांची नोंदणी अन् तपासणी त्याच्याकडे आली. काम ऐकायला साधं. होडीची लांबी-रुंदी मोजायची, तळ ठोकून पाहायचा, जॅकेटं मोजायची, मग बाजूवर नोंदणीचा क्रमांक आणि किती माणसं बसतील तो आकडा रंगवून घ्यायचा. खाली एक पांढरी रेघ. ती पाण्यात बुडाली की समजायचं, माणसं जास्त झाली. लग्नाआधी मी कधी कधी त्याच्यासोबत भेडाघाटला जायची. सकाळी तिथल्या संगमरवरी कड्यांचं प्रतिबिंब इतकं स्थिर पडतं की वर कुठलं, खाली कुठलं, कळेनासं होतं. त्या हिरव्या शांततेत दादा उकिडवा बसून रेघेकडे बघत राहायचा. "काहून बघून राहिला एवढा?" विचारलं तर म्हणायचा, "हलते का ते पाहून राहिलो."

त्या बघण्यामागचं कारण त्यानं मला फार उशिरा सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बरगीकडच्या एका लहान घाटावर तो चिखल नको म्हणून जीपमधून उतरलाच नव्हता. नावाडी म्हणाला, "नाव बढ़िया है साहब," आणि यानं सही केली. आठवड्याभरात ती होडी काठाजवळच बुडाली. तळाची फळी कुजलेली होती. पाणी छातीएवढंच, म्हणून सगळे वाचले. याला कुणी काही विचारलं नाही.

"पण मी गेलो होतो पाहायला," दादा म्हणाला. "एक म्हातारी ओल्या लुगड्यात बसून होती. मला म्हणते, भैया, मेरी एक चप्पल बह गई. मी संध्याकाळपर्यंत काठाकाठानं तिची चप्पल शोधत फिरलो, शोभा. भेटली नाही."

त्यानंतर पाण्यात पाय घातल्याशिवाय त्यानं एकही सही केली नाही. आणि त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं.

मुक्ताच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मुलाकडची नागपूरची मंडळी भेडाघाट पाहायला आली. होणारे व्याही दिगंबरराव मोठे हौशी. गळ्यात कॅमेरा, सगळ्यांनी एकाच होडीत बसायचं असा आग्रह. आम्ही सोळा जण होतो आणि होडीवर बाराचा आकडा होता. नावाडी हसून म्हणाला, "साहब, आप ही के तो मेहमान हैं." दादानं वाकून पाहिलं. रेघ दिसत नव्हती. तो उतरला, वहिनीला आणि मला उतरवलं. तेरा उरले. "आणखी एक जण उतरा जी," तो म्हणाला. कुणी हललं नाही.

"अहो मनोहरराव," दिगंबरराव टोकावरून म्हणाले, "एका माणसानं काय होते?"

दादानं होडीचा दोर हाताला गुंडाळून घेतला आणि तसाच उभा राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. पाणी हळूहळू पायऱ्यांना लागत होतं, दूर धबधब्याचा आवाज येत होता… शेवटी दिगंबरराव लाल चेहऱ्यानं उतरले आणि थेट गाडीत जाऊन बसले. त्यांच्यामागून सगळेच उतरले. होडी सुटलीच नाही.

"पोरीचं लग्न मोडून राहिले तुम्ही!" घरी येऊन वहिनी रडली. मुक्ता खोलीबाहेर आली नाही. दादा एकटाच त्यांच्या हॉटेलवर गेला, हात जोडून माफी मागून आला. दिगंबरराव म्हणाले, "लग्न होईल. पण तुमच्या घरी मी पाणी पिणार नाही." लग्न झालं, नात झाली, अकरा वर्षं गेली. ते दारापर्यंत यायचे, बाहेरूनच निघून जायचे. मी एकदा दादाला विचारलं, सोडला असता दोर तर? तो म्हणाला, "माफी दहादा मागीन. दोर नसता सोडला."

अस्थी घेऊन आम्ही ग्वारीघाटला गेलो. दिगंबरराव रात्रभर प्रवास करून आले होते. गुडघे दुखतात, काठी आली आहे. होडीवर आठचा आकडा होता. आम्ही नऊ होतो, पण मोजणार कोण? सगळ्यांचेच डोळे भरलेले. दिगंबररावांनी एक पाय आत ठेवला, मग काठीवर भार देऊन वाकले, खाली पाण्याकडे पाहिलं. पाय मागे घेतला.

"तुम्ही जा. मी इथं थांबतो."

"चला ना, बाबा," जावई म्हणाला. "एवढ्यानं काही होत नाही."

"होते, बेटा," ते म्हणाले.

आम्ही परत येईपर्यंत ते पायरीवर उभे होते. घरी आल्यावर चपला काढून आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, थोडं पाणी देता?" वहिनीनं पेला भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

निघायच्या दिवशी सकाळी मी ओसरीत आले. तिथं लाकडी बंगई आहे, साखळ्यांवर टांगलेला जुना रुंद झोपाळा. चहा घ्यायला दोघं त्यावर बसायचे, तेव्हा दादा वहिनीला नेहमी त्या टोकाला बसवायचा आणि स्वतः या टोकाला. बंगई सरळ राहिली पाहिजे म्हणायचा. वहिनी एकटीच बसली होती, आपल्या टोकाला. बंगई तिच्या बाजूनं कलली होती, कपातला चहा तिरका झाला होता.

"मधे सरकून बसा ना, वहिनी," मी म्हणाले.

ती ऐकून हसली. सरकली मात्र नाही.