आधी उघडून पाहणाऱ्या दीदी

वासनिक दीदी ऑफिसात आल्या की आधी जेवणाचा डबा उघडून पाहायच्या. खायला नाही. रांझीच्या घरून निघालेली भाजी सिविल लाइंसमधल्या ऑफिसापर्यंत डब्यातच पोचली की पिशवीत सांडली, एवढंच बघायला. मग झाकण लावून त्या सर्व्हरकडे वळायच्या.

आमचं ऑफिस जमिनीच्या नकाशांचं आणि सर्व्हर दीदींच्या ताब्यात. त्यात जागा नेहमीच कमी. डिस्क भरली की आम्ही मंडळी त्याच डिस्कवर ‘जुने’ नावाचा फोल्डर करायचो, सगळं त्यात ढकलायचो आणि जागा का होत नाही म्हणून नवल करत बसायचो. महिन्याभरात ‘जुने’च्या पोटात ‘फार जुने’ निघायचं.

दीदी म्हणायच्या, “काहून रे बाप्पा, पलंग या भिंतीचा त्या भिंतीला लावला तं खोली मोठी झाली काय?”

एकदा डिस्क इतकी तुडुंब भरली, की नवे नकाशे चढेनात. जुने नकाशे दीदींनी आदल्या दिवशीच दुसऱ्या मशीनवर पाठवले होते. साहेब घाईत आले. “वासनिक जी, पुराना सब उधर चला गया न? तो यहाँ से उड़ाइए.”

“गेलं ते मी बी पाहिलं, सर. पोचलं का, ते पाहू द्या.”

मूळ कागदांना वाळवी लागून वर्षं झाली होती. लोकांच्या शेतांच्या हद्दी आता या फाइलींतच होत्या. दीदी पलीकडच्या मशीनवर एकेक नकाशा उघडत गेल्या. पाटणकडचं एक गाव नदीपर्यंतच उघडलं. नदीपलीकडे नुसतं कोरं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. दीदींनी ते गाव पुन्हा पाठवलं, पुन्हा उघडलं आणि मगच इथलं पुसलं.

निवृत्त झाल्यावर दीदी नागपूरला लेकीकडे गेल्या. रांझीचं घर मात्र भांड्याकुंड्यांसकट तसंच ठेवलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “इथलं आताच काहून पुसू? तिथं जीव रमते का, ते आधी पाहू दे.”

मी दर रविवारी जाऊन त्यांच्या मोगऱ्याला पाणी घालायचो. खरं सांगायचं तर दीदींचा जीव तिथे रमू नये, त्यांनी परत यावं, असं मला फार वाटायचं.

एका रविवारी मी तिथेच असताना त्यांचा फोन आला. मागे नातीचा गोंधळ चालला होता.

“सुनील, पाहिलं रे उघडून. चांगलं चालून राहिलं इथं. आता तिकडचं रिकामं करून टाक.”

हातातला तांब्या मी खाली ठेवला.

“नाही दीदी. पुढच्या रविवारी मी नागपूरला येतो. माझ्या डोळ्यांनी पाहतो, मगच इथलं हलवतो.”

मग दीदी म्हणाल्या, “शिकला रे बाप्पा.”